टेस्ट पेज येतं, बिल येत नाही: जुना प्रिंटर, नवा कॉम्प्युटर आणि न जुळणारी टोकं

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत यायला लागते. "नवीन कॉम्प्युटर घेतलंय. दुकानदारान दिल्यान ती वायर लावलंय. टेस्ट पेज येता, मगे बिल कित्याक येणा नाय?" विचारणारे काका आंबा बागायतदार असतात. पेट्या बांधून तयार असतात, रात्री गाडी वाशीला सुटायची असते आणि कागद हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. देवगड, जामसंडे, पडेल, तळेबाजार या पट्ट्यात मी हा गुंता इतक्या वेळा सोडवला आहे की आता तो एकदा नीट लिहून ठेवतो. पतसंस्था, रेशन दुकान, लाकडाची वखार, जिथे जिथे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे तिथे हेच होतं.

डॉट मॅट्रिक्स आता टाकून द्या, असा सल्ला बाहेरचे लोक पटकन देतात. तो मला पटत नाही. त्याच्या पिना रिबनवर ठोका मारतात, म्हणून एका वेळी तीन प्रती निघतात: एक आपल्याला, एक गाडीवाल्याला, एक दलालाला. लेझर आणि इंकजेट कागदाला ठोका देत नाहीत, त्यामुळे खालच्या प्रतीवर काही उमटत नाही. शेडमधल्या धुळीत आणि दमट हवेतही हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं. बिलाचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत, विंडोजच्या आधीच्या डॉससाठी लिहिलेला असतो. लिहिणारा कधीच मुंबईला गेलेला असतो, पण हिशेब बरोबर येतात. चालणारी गोष्ट मोडायची गरज नाही, जोडणी तेवढी नीट करायला हवी.

जुना कॉम्प्युटर मे महिन्यातल्या विजेने जातो. नव्याच्या पाठीला पॅरलल पोर्ट, म्हणजे ते पंचवीस भोकांचं गडद गुलाबी तोंड, नसतं. दुकानदार यूएसबी ते पॅरलल वायर देतो. एक टोक कॉम्प्युटरला बसतं, दुसरं प्रिंटरला बसतं, प्रिंटरच्या टोकाला दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागतात. टोकं बसली म्हणजे जोडणी झाली असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच फसगत होते. वायरचं टोक, विंडोजमधलं पोर्टचं नाव आणि प्रिंटरला कळणारी भाषा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. बाजारात मिळणारी वायर यातली पहिलीच जुळवते.

आधी कुठे अडलंय ते शोधा

वायर काढून ठेवा आणि प्रिंटर एकट्याने चालवून बघा. बहुतेक डॉट मॅट्रिक्सवर लाइन फीड किंवा फॉर्म फीडचं बटण दाबून धरून स्विच चालू केला की प्रिंटर स्वतःची चाचणी छापतो. ती स्वच्छ आली तर हेड, रिबन, मोटर ठीक आहेत आणि प्रिंटर दुरुस्तीला नेण्याची गरज नाही. मग वायर जोडून विंडोजमधून टेस्ट पेज द्या. ते आलं तर वायर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर (विंडोजकडून प्रिंटर चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) ठीक.

तिसरी चाचणी कोणी करत नाही आणि खरं उत्तर तिच्यातच असतं. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजमधली काळी खिडकी) उघडून 'डीआयआर', मग मोठेपणाचं चिन्ह (>), मग 'एलपीटी१' असं टाइप करायचं (अर्थात रोमन अक्षरांत) आणि एंटर मारायचं. प्रिंटरवर फाइलींची यादी उमटली तर तुमच्या डॉस प्रोग्रॅमचा रस्ता मोकळा आहे. 'फाइल सापडली नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर तुमचं दुखणं नेमकं तेच आहे ज्याबद्दल मी पुढे लिहितोय.

एलपीटी१ नावाचं दार

डॉसच्या काळातला प्रोग्रॅम प्रिंटरला ओळखत नाही. तो फक्त एलपीटी१ नावाच्या दारात अक्षरं टाकतो. दारापलीकडे कोण उभं आहे याची चौकशी तो करत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर हे दार म्हणजे खरंखुरं पॅरलल पोर्ट असायचं.

यूएसबी ते पॅरलल वायर लावल्यावर पॅरलल पोर्ट तयार होत नाही. त्या वायरच्या जाड टोकात एक चिप असते आणि ती विंडोजला सांगते, 'मी यूएसबी प्रिंटर आहे'. विंडोज तिच्यासाठी 'यूएसबी००१' नावाचं वेगळं दार बांधतो. टेस्ट पेज त्या दाराने जातं, म्हणून येतं. बिल एलपीटी१ शोधत राहतं आणि ते दार घरात नसतंच. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी, उघडून बघा: या वायरचं नाव 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' असं दिसेल, पोर्टांच्या यादीत एलपीटी दिसणार नाही.

उपाय असा, की एलपीटी१ नावाची पाटी यूएसबीच्या दारावर लावायची. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग चालू करून शेअरला एक छोटं नाव द्या, मध्ये जागा न सोडता. मी रोमनमध्ये 'डॉट' एवढंच ठेवतो. मग कमांड प्रॉम्प्टवर ही आज्ञा, हीसुद्धा रोमन अक्षरांत:

नेट यूज एलपीटी१: \\लोकलहोस्ट\डॉट /पर्सिस्टंट:येस

'लोकलहोस्ट'च्या जागी कॉम्प्युटरचं नावही चालतं. शेवटचा 'पर्सिस्टंट' विसरू नका, नाहीतर आज बिलं येतील आणि उद्या सकाळी मशीन चालू केल्यावर पुन्हा मला फोन. आता 'डीआयआर'वाली चाचणी परत करा. यादी उमटायला हवी.

इथे तीन ठिकाणी अडखळायला होतं. आज्ञा ज्या वापरकर्त्याच्या नावाने प्रोग्रॅम चालतो त्याच नावाने, साध्या कमांड प्रॉम्प्टवर द्यायची. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून दिलेली पाटी साध्या प्रोग्रॅमला दिसत नाही. मी स्वतः पडेलच्या एका शेडमध्ये यावर दोन तास घालवले होते. दुसरं, मशीनवर खरं एलपीटी१ असेल तर विंडोज ते सहजी सोडत नाही, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये किंवा बायोसमध्ये ते बंद करा, किंवा प्रोग्रॅममध्ये बदलता येत असेल तर एलपीटी२ घ्या. तिसरं, ज्या मशीनला लॅन नाही, वायफाय नाही, तिथे स्वतःचाच शेअर सापडत नाही असं होतं. त्यावर विंडोजमधलाच लूपबॅक अ‍ॅडाप्टर, म्हणजे नावापुरतं नेटवर्क कार्ड, बसवला की काम होतं.

आणखी एक तक्रार: "बिलां येतत, पण प्रोग्रॅम बंद केल्यार सगळी एकदम." याचं कारण प्रोग्रॅमने दार उघडं ठेवलेलं असतं. जुन्या वायरवर अक्षर टाकलं की लगेच ठोका पडायचा. आता मध्ये विंडोजचा स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा, बसला आहे आणि 'काम संपलं' असं कळेपर्यंत तो कागद सोडत नाही. फॉक्सप्रोच्या कोडपर्यंत हात पोचत असेल तर बिल छापून झाल्यावर नुसती 'सेट प्रिंटर टू' ही ओळ, पुढे काही न लिहिता, घालायची. तिने दार बंद होतं आणि बिल त्याच क्षणी येतं. ही एक ओळ घातल्यावर ज्यांनी हंगामभर दर बिलाला प्रोग्रॅम बंद-चालू केला होता, त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका मी पाहिली आहे.

प्रोग्रॅमच उघडत नसेल तर

६४ बिट विंडोजवर १६ बिटांचे डॉस प्रोग्रॅम चालतच नाहीत. विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नवीन मशीन घेणारा प्रत्येकजण यात सापडतो. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे नव्या विंडोजच्या आत डॉस उभं करणारे प्रोग्रॅम, यांपैकी एक बसवा. दोन्हींत एलपीटी१ ला येणारी अक्षरं विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येतात, म्हणजे वरची 'नेट यूज'ची खटपटही वाचते. हिशेबाच्या कामाला मी व्हीडॉस लावतो, कारण त्याची रचनाच अशा धंद्याच्या प्रोग्रॅमांसाठी आहे. बसवण्याआधी डेटाच्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवा.

खरं पॅरलल पोर्ट बसवता येतं

डेस्कटॉप असेल तर माझी पहिली पसंती यालाच. नव्या मदरबोर्डवर मागे तोंड नसलं तरी कित्येकदा आत पिनांच्या दोन रांगा असतात, तेरा-तेराच्या, त्यातली एक पिन मुद्दाम गाळलेली. शेजारी 'एलपीटी' छापलेलं असतं. त्यावर पट्टीसकट येणारी छोटी केबल लावली की खरं पोर्ट मिळतं. ते नसेल तर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं पॅरलल कार्ड मिळतं. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाबरोबर अर्ध्या उंचीची पट्टी आहे का ते विकत घेण्याआधी बघा. कणकवलीहून आणलेलं कार्ड पट्टी न बसल्यामुळे परत न्यावं लागणं फार जिवावर येतं. लॅपटॉपला मात्र हा रस्ता नाही, तिथे वरचाच उपाय.

पंचवीस पिनांचा घोळ

पॅरलल वायरची दोन टोकं वेगळी का असतात, असं खूपजण विचारतात. छत्तीस संपर्कांचं, बाजूला तारेच्या क्लिपा असलेलं टोक सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० सालच्या प्रिंटरपासून आलं. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा कॉम्प्युटरच्या बाजूला पंचवीस पिनांचं टोक घेतलं, प्रिंटरच्या बाजूला जुनंच राहिलं. या सगळ्याचं प्रमाणीकरण आयट्रिपलई १२८४ या नावाने झालं ते १९९४ मध्ये. तोवर जगभर वायरी विकल्या गेल्या होत्या.

घोळ असा, की पंचवीस पिनांचं टोक सीरियल पोर्टलाही वापरलं गेलं. कॉम्प्युटरच्या पाठीला भोकं असलेलं तोंड दिसलं तर ते पॅरलल, पिना बाहेर आलेलं दिसलं तर ते सीरियल. पतसंस्थेतले पासबुक प्रिंटर पुष्कळदा सीरियल असतात. तिथे कोणीतरी नर-मादी बदलणारा छोटा जोड लावून पॅरलल वायर सीरियलला बसवतो. टोक बसतं. पण पॅरलल पोर्ट पाच व्होल्टचं आहे आणि सीरियलवर उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत दाब असतो. पोर्ट जळतं. मी अशी दोन पोर्टं जळलेली पाहिली आहेत. कृपा करून हा जोड वापरू नका. सीरियल प्रिंटरला यूएसबी ते सीरियल वायर घ्या आणि वेग, डेटा बिट, पॅरिटी या तीन गोष्टी प्रिंटरच्या सेटिंगशी तंतोतंत जुळवा. एकही चुकली तर कागदावर कचरा उमटतो.

पॅरलल वायर लावताना-काढताना दोन्ही यंत्रं बंद हवीत. यूएसबीची सवय लागल्यामुळे लोक चालू मशीनमध्ये ती ओढतात. आमच्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा कोरडाच पडतो. कॉम्प्युटर आणि प्रिंटर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर दोघांच्या धातूच्या अंगांत दाबाचा फरक राहतो, हात लावला की मुंग्या येतात. तो फरक वायरीतून वाहतो आणि पोर्ट घेऊन जातो. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घाला.

'कॉपी १', 'कॉपी २'

साध्या यूएसबी प्रिंटरवाल्यांची ही नेहमीची रड. काल चालत होता, आज 'ऑफलाइन'. प्रिंटरांच्या यादीत त्याच नावाचे तीन प्रिंटर, पुढे 'कॉपी १', 'कॉपी २'. झाडू मारताना वायर निघाली आणि ती दुसऱ्या भोकात लावली, एवढंच घडलेलं असतं. ज्या प्रिंटरमध्ये स्वतःचा यूएसबी क्रमांक नसतो, त्याला विंडोज भोकावरून ओळखतो. भोक बदललं की त्याच्या लेखी तो नवीन प्रिंटर.

वायर पहिल्या भोकात परत लावा, किंवा प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्सच्या पानावर जाऊन बरोबर 'यूएसबी' क्रमांकावर खूण करा आणि जादा प्रती काढून टाका. मग भोकाशेजारी आणि वायरीच्या टोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. आतापर्यंत मी लावलेल्या उपायांत हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ ठरला आहे.

वायर पाच मीटरपेक्षा लांब नको, यूएसबी २ ची तीच मर्यादा आहे. ओटीवरच्या काउंटरपासून आतल्या खोलीपर्यंत दोन एक्स्टेन्शन जोडून नेलेला प्रिंटर एक दिवस चालतो, एक दिवस नाही.

वायफाय आणि शेअरिंग, थोडक्यात

पावसाळ्यात लाइट गेली-आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो, प्रिंटरला दुसरा आयपी पत्ता मिळतो आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. कॉम्प्युटरवर प्रिंटर 'डब्ल्यूएसडी' पोर्टवर असेल तर तो काढून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्टवर तोच पत्ता टाका. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, तेव्हा राउटरवर ते चालू आहे याची खात्री करा.

एका मशीनचा प्रिंटर दुसऱ्यावरून वापरताना '११बी' ने संपणारी चूक आली तर ती सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासूनची आहे. रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करायचा उपाय सगळीकडे सांगतात. त्याने सुरक्षा उतरते, म्हणून पतसंस्थेत मी तो करत नाही. दोन्ही मशीनं पूर्ण अपडेट करा, आणि तरीही अडलं तर प्रिंटर लॅनच्या वायरीने थेट राउटरला लावा.

बिलावर भलतीच अक्षरं

वायर जुळली, दार जुळलं, तरी बिलावर चौकटींच्या जागी विचित्र अक्षरं येतात, किंवा ठळक व्हायचं नाव ठळक न होता आधी एखादं फालतू अक्षर उमटतं. ही भाषेची गडबड. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मुख्यतः दोन बोल्या बोलतात: एप्सनची ईएससी/पी आणि आयबीएमची. प्रिंटरच्या मेन्यूत 'इम्युलेशन' नावाची निवड असते, ती प्रोग्रॅमला हवी तशी बदला. मेन्यूत जायचा रस्ता मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, तो पुस्तिकेत मिळतो. याच पानावर अक्षरांचा तक्ता, म्हणजे कॅरेक्टर टेबल, निवडता येतो. चौकटींच्या रेघा तिथूनच सुधारतात. रुपयाचं चिन्ह मात्र २०१० मध्ये आलं, त्याआधीच्या प्रिंटरच्या तक्त्यात ते असणार नाही. बिलात सरळ 'रु.' लिहा.

स्वस्तातले काही छोटे लेझर प्रिंटर स्वतः कोणतीच भाषा बोलत नाहीत. पान विंडोजच रंगवून देतो. अशा प्रिंटरला 'नेट यूज' करून डॉसमधून काहीही पाठवलं तरी कागद हलत नाही. बिलाच्या कामासाठी असा प्रिंटर घेऊच नका, दुकानदार कितीही सवलत देवो.

खारी हवा

वरचं सगळं बरोबर असून मधूनच अक्षरं गळत असतील तर सेंट्रॉनिक्सचं टोक उजेडात धरून बघा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या शेडमध्ये त्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो पुसा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. रॉकेल नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको, कारण वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात थर दुप्पट वेगाने येतो. हंगाम संपला की दोन्ही टोकं काढून प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर बांधून ठेवा. मे अखेरचा आणि ऑक्टोबरातला गडगडाट ऐकू आला की विजेची पिन, लॅनची वायर आणि प्रिंटरची वायर, तिन्ही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

एवढं करूनही अडलं आणि माणूस बोलवावाच लागला, तर त्याला फोन करण्याआधी या गोष्टी जवळ ठेवा: वायरीच्या दोन्ही टोकांचे फोटो, कॉम्प्युटरच्या पाठीचा फोटो, प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्सच्या पानाचा फोटो, विंडोज ३२ बिट की ६४ बिट, आणि 'डीआयआर'च्या चाचणीला काय उत्तर आलं. हे पाच हाती असले तर बहुतेक वेळा मी फोनवरच सांगून मोकळा होतो, आणि गाडी वेळेत सुटते.